किदिरालींच्या घरातली गळती

ऊलकानविषयी लिहायचे तर आधी हे सांगितले पाहिजे की या प्रकरणाबद्दल तिने स्वतः एक शब्दही उच्चारलेला नाही. मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा तिने माझ्या वाटीत चहा ओतला आणि गल्लीतल्या पॉपलरच्या झाडांना यंदा कीड लागल्याचे सांगितले. त्यामुळे पुढचा मजकूर मुख्यतः दोघांच्या सांगण्यावर उभा आहे: बॉयलरची कामे करणारा कारागीर, ओस्मोनकुल उस्ता, आणि ऊलकानची नणंद बुरुलचा. उस्ता गोष्ट रंगवून सांगतो, हे सगळ्या नारीन शहराला ठाऊक आहे. बुरुलचा स्वतःविरुद्ध बोलते. तिचे म्हणणे लगेच खरे मानावेसे वाटते, पण पश्चात्तापात पडलेला माणूसही वाढवून सांगू शकतो. दोघांनी वेगवेगळ्या वेळी, एकमेकांना न विचारता सांगितलेले जिथे जुळले तेवढे मी धरले आहे. जिथे जुळले नाही, तिथे तसे म्हटले आहे.

ऊलकान आत-बाशीकडच्या एका मेंढपाळाची मुलगी. नदीच्या वरच्या अंगाला, चढावर असलेल्या किदिरालींच्या घरात ती सून म्हणून आली. नवरा नुर्दिन कामासाठी रशियात जाऊन-येऊन असे. पुढे येणे थांबले, मग फोन विरळ झाले आणि शेवटी कुणीतरी बातमी आणली की तिकडे त्याचे घर आहे आणि त्या घरात एक लहान मूलही आहे. ऊलकानला मूल नव्हते. भाऊ न्यायला आला, तेव्हा ती गेली नाही. शेजाऱ्यांच्या मते तिला जायला जागाच नव्हती. बुरुलचा सांगते की सासू, बात्मा, दारात उभी राहून म्हणाली, "मुलगा माझा पळाला, मुलगी का पळेल?" दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. एवढे मात्र निश्चित, की ते घर मुलाचे होते आणि सासूसासरे त्या घरात आहेत तोवरच ऊलकानच्या तिथे असण्याला अर्थ होता.

त्या घरात पूर्वी कोळशाची जुनी चूल होती. चुलीभोवती पाण्याची पेटी, पेटीपासून खोल्यांतून फिरणाऱ्या लोखंडी नळ्या आणि माळ्यावर एक उघडी टाकी. टाकीतले पाणी कमी झाले की कुणीतरी शिडीवर चढून बादली ओतायचे. नळीला एक तोटी असे. तिथून गरम पाणी काढून लोक हात धुवत, कपडे भिजवत, मुलांना आंघोळ घालत. घेतलेले पाणी कुठून येते, हा प्रश्न कुणाला पडत नसे; एका बादलीने सगळे भरून निघे. किदिरालींचे सगळे आयुष्य अशा पाण्यात गेले होते.

शेवटचा जाताना नुर्दिनने ते सारे काढून बंद पद्धतीचा बॉयलर बसवला. पंप आला, पाणी तापून वाढले की ते सामावून घेणारी, आत रबरी पडदा असलेली लाल टाकी आली आणि दाब दाखवणारा काटा आला. माळ्यावरची टाकी गेली. सगळ्यात शेवटचा रेडिएटर वडिलांच्या खोलीत होता. वीज फार वेळ गेली तर पाणी गोठून नळ्या फुटण्याआधी सगळे काढून टाकता यावे, म्हणून त्याच्या तळाशी एक तोटी ठेवली गेली.

बॉयलर सांभाळणे ऊलकानकडे आले. तिला शिकवले उस्ताने, आणि तो धडा गल्लीत अजूनही सांगितला जातो.

"हे बघ केलिन, हा सासूसारखा असतो," उस्ता म्हणाला. केलिन म्हणजे सून. "तापला की फुगतो, निवला की बसतो. तापलेला असताना काटा वर गेला म्हणून घाबरायचं नाही आणि भांडायचंही नाही. सकाळी, थंड असताना तोंड बघायचं."

"ओस्मोनकुल, मला ऐकू येतंय हं!" बात्मा आतून ओरडली. "चहा पाहिजे ना तुला?"

"पाहिजे की, एजे. सासू नाही म्हणालो, बॉयलर म्हणालो." थोरल्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात.

"कुठं लक्ष द्यायचं तेवढं सांगा, उस्ता," ऊलकान म्हणाली.

"थंड काटा थंड काट्याशीच ताडायचा. काल सकाळी एकावर होता, आज सकाळीही एकावर, मग मधे तो दोनावर जाऊन नाचला तरी आपल्याला काय? पण सकाळमागून सकाळ खाली खाली यायला लागला, तर समजायचं की पाणी घर सोडून चाललंय."

ऊलकानला हे पक्के समजले. उस्ता म्हणतो की पुरुषांपेक्षा तिला लवकर समजले, कारण पुरुष तापलेल्या काट्याकडे बघतात आणि झडप पिळायला लागतात. हे वाक्य तो बहुधा सगळ्याच गिऱ्हाइणींना ऐकवतो.

बात्मा पुढच्या हिवाळ्यात, जानेवारी सरताना वारली. तोवर बॉयलरने काही त्रास दिला नाही. त्रास सुरू झाला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात, आणि त्याच सुमारास बिश्केकहून बुरुलचा दोन दिवसांसाठी आली होती. ती आली त्या सकाळी घर गार पडलेले होते. अता, म्हणजे वडील किदिराली, अंगात मेंढीच्या कातड्याचा कोट घालून अंथरुणावर बसलेले तिला दिसले. शिवाय त्यांच्या खोलीची खिडकीही किलकिली उघडी.

"हे काय घर आहे का शीतगृह?" ती ऊलकानला म्हणाली. "आईच्या वर्षाच्या जेवणाला, आशला, मी येणार आहे. तेव्हाही असंच असेल तर अतांना घेऊन जाणार. माझ्याकडे शहराचं गरम पाणी भिंतीतनं येतं, कोळसा नको, काटा नको."

"मी नाही जायचा," अता म्हणाले. "बात्मा या घरातनं गेली, मीही इथूनच जाईन."

"तुम्ही बोलू नका, अता. तुम्हाला थंडी वाजते तेही तुम्ही सांगत नाही."

ऊलकान म्हणाली, "एजे, पाणी कुठंतरी गळतंय. आशच्या आत शोधून काढते."

म्हणजे मुदत ठरली आणि पणही ठरला. आशच्या दिवशी घर उबदार निघाले तर अता राहणार, नाहीतर जाणार. अता गेल्यावर त्या घरात ऊलकान कोण, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही.

घर गार का पडत होते, याचे कारण सरळ होते. दाब उतरला की वरच्या रेडिएटरांत हवा शिरते आणि पाणी फिरायचे थांबते. नवे पाणी भरावे, तर तापलेल्या बॉयलरमध्ये थंड पाणी घालता येत नाही; पोलादाचा सांधा तडकतो. म्हणून आधी आग विझू द्यायची, बॉयलर निवू द्यायचा, मग रबरी नळीने पाणी भरायचे, रेडिएटरांतली हवा सोडायची आणि पुन्हा पेटवायचे. बाहेर उणे पंचवीस असताना हे दिवसाआड करावे लागले, तर घर कधी तापणार?

उस्ताला बोलावले गेले. त्याने सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला. लाल टाकीची हवा दाबून पाहिली. पडदा शाबूत होता. सुरक्षा झडपेखाली रिकामा डबा ठेवला. तो कोरडाच राहिला. धुरांड्यातून पांढरी वाफ येते का पाहिले; येत नव्हती. दोन खोल्यांच्या फळ्या उचकटल्या. खाली वर्षानुवर्षांची कोरडी धूळ आणि नुर्दिनचा लहानपणीचा एक हाडाचा फासा निघाला.

"पोरी, घरात उंट बांधलायस का?" तो म्हणाला. "पाणी पितोय कोण?"

"उंट असता तर दिसला असता, उस्ता."

"मग भूत असेल. भूत मात्र एवढं पीत नाही."

शेवटी त्याने इथला जुना उपाय काढला. जखमेवर आणि कांजिण्यांच्या फोडांवर लावायचे हिरवे औषध आमच्याकडे प्रत्येक घरात असते. ते कातडीला लागले तर दिवसेंदिवस निघत नाही. त्याच्या बाटल्या पाण्यात ओतायच्या, म्हणजे जिथे गळती असेल तिथे हिरवा डाग उठतो. ऊलकानने दुकानातल्या सगळ्या बाटल्या घेतल्या, तेव्हा औषधवाली म्हणाली, "अख्ख्या शाळेला कांजिण्या आल्या की काय गं?"

आशच्या आदल्या दिवशी दुपारी दोघे डाग शोधत निघाले. अता शेजाऱ्यांसोबत भिंतीच्या उन्हात जाऊन बसले होते. यापुढचे फक्त उस्ताने पाहिले आहे, आणि इथे त्याने नेहमीसारखे काही रंगवले नाही, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

सगळ्या खोल्या कोरड्या निघाल्या. अतांच्या खोलीतही फळ्यांवर डाग नव्हता. पण रेडिएटरच्या मागे, भिंतीच्या आणि लोखंडाच्या फटीत, एक कापडाचा बोळा कोंबलेला होता. ऊलकानने ओढून काढला. पायघोळ लोकरी विजार होती, आतून घालायची. ओली, आणि कोवळ्या गव्हाच्या रंगाची. पलंगाखाली एनॅमलचे भांडे होते. त्याचा तळ हिरवा होता. मग त्या किलकिल्या खिडकीचेही कारण कळले: वास.

"मी हसणार होतो," उस्ता मला म्हणाला. "म्हटलं, सापडला उंट! पण तिचं तोंड बघितलं आणि घशातच राहिलं."

म्हाताऱ्याचा लघवीवरचा ताबा गेला होता. बात्मा होती तोवर ती पहाटे पाणी आणून देई आणि कपडे धुऊन टाकी. नवराबायकोतली गोष्ट कुणाला कळली नाही. ती गेल्यावर त्यांनी काय करावे? संडास अंगणापलीकडे, बर्फ ओलांडून. स्वयंपाकघरात जायचे तर ऊलकान झोपते ती खोली ओलांडून. आणि सुनेला सांगायचे काय? आमच्याकडे सून सासऱ्यासमोर पाठ करून उभी राहत नाही, त्याचे नाव तोंडाने घेत नाही. अशा सुनेच्या हातात सासऱ्याने भिजलेली विजार द्यायची? उशाशी तोटी होती, तोटीत गरम पाणी होते. जुन्या घरात सगळे घेत तसे त्यांनीही घेतले. या नव्या पाण्याला माळ्यावरची बादली नाही आणि आपणच आपले घर गार करतो आहोत, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

ऊलकानने विजार आपल्या जाकिटाखाली घेतली. मग आत जाऊन भाकर घेऊन आली.

"यावर हात ठेवा, उस्ता."

"अगं, मी काय गावभर—"

"ठेवा."

भाकरीवर हात ठेवून घेतलेली शपथ आमच्याकडे मोडत नाहीत. त्याने हात ठेवला.

"गळती सांध्यावर होती," ती म्हणाली. "तुम्ही आवळली."

"मी आवळली," उस्ता म्हणाला.

अता गेल्यानंतर त्याने स्वतःला शपथेतून मोकळे मानले. मेलेल्याला लाज नसते, असे त्याचे म्हणणे आहे. ऊलकानचे तसे मत दिसत नाही.

आशची सकाळ उगवली तेव्हा काटा जागेवर होता. घर असे तापले होते की आलेल्या बायका दारातच शाली काढू लागल्या. अंगणात मोठ्या कढईत बोर्सोक, म्हणजे पिठाचे तुकडे, तळले जात होते. बुरुलचा पहाटेच्या गाडीने आली. अतांच्या दाराशी झाकलेली गरम पाण्याची बादली आणि शेजारी घडी केलेले स्वच्छ कपडे तिने पाहिले, आणि तिच्या मनात आले ते तिने स्वतःच मला सांगितले: मी येणार म्हणून हा देखावा.

जेवण झाले, कुराण वाचून झाले. वडीलधारे म्हणून आशीर्वाद देण्याचा मान अतांचा. त्यांनी तळवे उघडून समोर धरले, आणि त्यांच्यासोबत सगळ्यांनी. तळव्यांच्या भेगा हिरव्या होत्या. नखांच्या कडा हिरव्या होत्या. आशीर्वाद पूर्ण झाला, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले, आणि मग बुरुलचाने विचारले.

"अता, हाताला काय झालं?"

"काही नाही, बालाम, लेकरा. गवत उपटलं असेल."

"जानेवारीत गवत?" कुणीतरी हसले.

शेजारीण पुढे वाकली. "अगं, हा तर ओस्मोनकुलचा रंग! बॉयलरमध्ये ओतलाय ना बाटल्या भरभरून?"

उस्ता आपल्या वाटीत बघत राहिला.

"तुम्ही त्या पाण्यानं धुता, अता?" बुरुलचाचा आवाज चढला. "नळ्यांतल्या गंजक्या पाण्यानं?"

"नमाजाआधी हातपाय धुतो. मीच घेतो, तोटीतनं," अता म्हणाले. "केलिनला ठाऊक नाही. तिचा दोष नाही."

"ठाऊक नाही, हाच तर दोष! एका छपराखाली राहून सासऱ्याला गरम पाणी लागतं हे हिला ठाऊक नाही? आज बरोबर बादली आली दारात! आज मी आले म्हणून!" ती ऊलकानकडे वळली. "बोल ना. तोंड शिवलंय का?"

ऊलकान चहाच्या समोवारपाशी उभी होती. एका वाक्यात तिला सुटता आले असते. सगळी गल्ली बसलेली होती आणि तिच्या बाजूने साक्ष देणारा माणूसही तिथेच होता. अतांनी त्या क्षणी तिच्याकडे पाहिले का, याबद्दल दोन्ही साक्षी जुळत नाहीत. उस्ता म्हणतो, पाहिले, आणि तसे डोळे पुन्हा कुणाचे पाहण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये. बुरुलचा म्हणते, अता खाली पसरलेल्या जेवणाच्या चादरीकडेच बघत होते.

"चुकलं माझं, एजे," ऊलकान म्हणाली.

"ऐकलंत?" बुरुलचा सगळ्यांना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अता बुरुलचाबरोबर शहरात गेले. "मी नाही जायचा" हे वाक्य त्यांनी पुन्हा म्हटले नाही. सामान ऊलकाननेच बांधले. पिशवीच्या तळाशी जुन्या मऊ कापडाच्या, कडा शिवलेल्या पुष्कळ घड्या होत्या. बुरुलचाला त्या फडक्यांसारख्या वाटल्या आणि शहरात पोचल्यावर तिने त्यांनी खिडक्या पुसल्या.

तिला कळायला फार दिवस लागले नाहीत. शहरातल्या घरात तोटी नव्हती आणि लपवायला फटही नव्हती. एका सकाळी अता ओल्या गादीच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि ती दारात उभी होती. त्यानंतर तिने ऊलकानला फोन केला.

"किती दिवसांपासून आहे हे?"

"काय, एजे?"

"तुला ठाऊक आहे काय ते."

"मला काहीच ठाऊक नाही, एजे. अता जेवतात ना नीट? मांसाचा रस्सा पातळ करून द्या."

बुरुलचा म्हणते की ती तेव्हा फोनवरच रडली आणि पलीकडून ऊलकान रश्श्यात कांदा किती घालायचा ते सांगत राहिली. मग तिने अतांना विचारले: चला, परत सोडते घरी. त्यांनी मान हलवली. "त्या पोरीनं भरल्या घरात माझ्यासाठी चुकलं म्हटलं," ते म्हणाले. "तिच्या हातचं पाणी आता कोणत्या तोंडानं घेऊ?" बुरुलचाने दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा करायच्या आत, वाटेतल्या डोलोन खिंडीतला बर्फ वितळायच्या आधीच, ते वारले.

देह घरी आणला. रीतीप्रमाणे अंगणात तंबू उभा राहिला, आत एका बाजूला देह, त्याच्यापाशी मुलगी आणि सून. मेलेला ज्या तंबूत असतो तिथे आग पेटवत नाहीत. बायका आळीपाळीने विलाप गातात, मेलेल्याचे गुण आणि आपले दुःख सूर लावून सांगतात. सुनेला आयुष्यभर जे बोलता येत नाही ते विलापात बोलता येते. कुणी सासूचे बोल काढले आहेत, कुणी दिरांनी लाटलेली जमीन; गाणाऱ्या सुनेला त्या वेळी कुणी अडवत नाही. गल्लीतल्या बायकांना हे ठाऊक होते. आशच्या दिवशी गप्प राहिलेली ऊलकान आता काय बोलते ते ऐकायला त्या तंबूच्या लोकरी नमद्याला कान लावून उभ्या होत्या. त्यांतल्या तिघींशी मी बोललो आहे. बुरुलचा शेजारीच बसली होती. तिचे म्हणणे असे की ती मनातून विनवीत होती: बोल, माझे नाव घेऊन बोल, आज बोललीस तर मी मोकळी होईन.

ऊलकानने अतांनी लावलेल्या पॉपलरांविषयी गायले. तरुणपणी त्यांनी नदीतून वाचवलेल्या घोडीविषयी गायले. बात्मा पलीकडे वाट बघत असेल, असे गायले. स्वतःविषयी काही नाही, आणि बुरुलचाविषयीही काही नाही. ऐकणाऱ्या बायका एकेक करून कढईकडे परतल्या. सूर उतरल्यावर ती तशीच बसून राहिली आणि मग न गाता, साध्या बोलण्यात, देहाकडे वळून म्हणाली,

"अता, आज चूल पेटवता येत नाही हो. रागावू नका."